आजचा शब्द : अपैशुन (गीता १६.२)



दैवी संपत्तीचे गुण आपण एकेक करून बघतोय. आज सोळाव्या अध्यायाच्या दुसऱ्या श्लोकातला 'अपैशुन' हा शब्द घेऊ. पैशुन म्हणजे चहाडी, एकाचं उणं दुसऱ्यापाशी उघडं करणं. ते न करणं म्हणजे अपैशुन. अहिंसा, सत्य, अक्रोध अशा थोर नावांच्या रांगेत हा गुण जरा किरकोळच वाटतो. चहाडी केली नाही, यात एवढं दैवी काय?

मला या शब्दापाशी नोएडाचं आरुषी-हेमराज प्रकरण आठवतं. १६ मे २००८ च्या सकाळी तेरा वर्षांची आरुषी तलवार तिच्या खोलीत मृतावस्थेत सापडली. घरातला नोकर हेमराज बेपत्ता होता. झालं! खुनी ठरला. पोलिसांनी त्याच्यावर बक्षीससुद्धा लावलं. दुसऱ्या दिवशी गच्चीचं कुलूप तोडलं, तर हेमराजचा मृतदेह तिथेच होता. ज्याला सगळे खुनी म्हणत होते, तो त्याच इमारतीच्या गच्चीवर मरून पडला होता. नेपाळातून पोटासाठी आलेला माणूस. त्याच्या बायकोने नवरा गेल्याचं ऐकायच्या आधी जग त्याला खुनी म्हणून मोकळं झालं होतं.

यावर तरी लोक थांबतील असं वाटतं ना? पण नाही. आठवड्याभरात वडिलांना अटक झाली. पोलिसांनी पत्रकार परिषदेत त्या मेलेल्या मुलीच्या चारित्र्यावर बोट ठेवलं. मग तपास सीबीआयकडे गेला, संशय तीन इतर जणांवर आला, तेही पुराव्याअभावी सुटले. २०१० च्या डिसेंबरात सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला, न्यायालयाने तो न स्वीकारता आईवडिलांवरच खटला चालवला. नोव्हेंबर २०१३ मध्ये दोघांना जन्मठेप झाली आणि १२ ऑक्टोबर २०१७ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडलं. त्यावरही अपील झालं.

तपासाने इतक्या वेळा दिशा बदलली, पण चहाच्या टपरीवरची खात्री प्रत्येक वेळी शंभर टक्केच होती. फक्त नाव बदलायचं. आई टीव्हीवर रडली नाही, म्हणजे तीच! दुःख कसं दिसावं याचाही आपण नियम करून टाकला. ती दाराआडची रात्र बघितलेला एकही जण या बोलणाऱ्यांत नव्हता.

आता श्लोकाकडे परत या. अपैशुनाच्या लगेच पुढे दोन गुण येतात, भूतदया आणि अलोलुप्त्व. हा शेजार मला फार अर्थाचा वाटतो. आपण अशा खटल्यावर तासन्‌तास बोलतो, ते दर वेळी न्यायाच्या तळमळीने नसतं. त्यात एक चव असते. दुसऱ्याच्या घरातलं मरण चघळायची लालूच, तीच लोलुपता. आणि ती लागली की दया आधी जाते. मग आरुषी लेकरू राहत नाही, 'केस' होते. हेमराजचं तर नावही गळतं. आजही बरेच लोक फक्त 'आरुषी केस' म्हणतात. गेले दोन जीव, मोजला एक.

कुणी विचारेल, मग अन्याय दिसला तरी गप्प बसायचं का? मुळीच नाही. त्याच श्लोकात सत्यही आहे, अपैशुनाच्या कितीतरी आधी. पाहिलं ते साक्षीदार म्हणून निर्भयपणे सांगणं हे सत्य. न पाहिलेलं पाहिल्यासारखं सांगणं हे पैशुन. 'तपास नीट करा, पहिल्याच दिवशी गच्ची का उघडली नाही, घरात माणसांची रीघ का लागू दिली', हे विचारायला कुणाचा गुन्हा गृहीत धरावा लागत नाही. असे प्रश्न मेलेल्यांच्या आणि आरोपींच्या, दोघांच्याही बाजूचे असतात. ते मात्र आपण कमी विचारतो, कारण त्यांना चव नसते.

आणि म्हणूनच हा गुण दैवी. हात न उगारणं एक वेळ जमतं, कायद्याचा धाक असतो. पण जिथे बोललं तरी कुणी जाब विचारणार नाही, ज्याच्याबद्दल बोलतोय तो उत्तर द्यायला हयातही नाही, तिथे जीभ आवरणं हे फक्त देवाला साक्षी ठेवूनच जमतं.

आजची साधना : आज कुठल्याही गाजत्या खटल्याचा विषय निघाला, तर बोलायच्या आधी मनात एकच प्रश्न, 'हे मी पाहिलंय का?' नसेल, तर 'मला माहीत नाही' एवढंच म्हणायचं. आणि गेलेल्यांची नावं घेऊन, सगळ्यांची, एक मिनिट नामस्मरण करायचं.

पांडुरंगा, ज्याचा न्याय आमच्या हाती नाही, त्याचा निकाल आमच्या तोंडी येऊ देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.