टाच आणि लगाम



याकोबाच्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात घोड्याच्या तोंडातील लगामाचा दाखला आहे, तो आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या अध्यायाचा आरंभ कोणास उद्देशून आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो. शिकविणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल, असा इशारा तेथे प्रथम दिला आहे, आणि मग लगामाची गोष्ट येते. आम्हांस ह्याची आठवण एका सुस्त घोड्याने करून दिली.

माथेरानास मोटारी दस्तुरीच्या नाक्यापुढे जात नाहीत, म्हणून तेथे घोड्यांचा राबता फार. आम्ही तेथे गेलो असता घोड्यावर बसावयास शिकावे असे मनात आले. वाट्यास एक तांबडा घोडा आला. त्यास आम्ही टाच मारली. तो हलला नाही. पुन्हा मारली, दोन पावले टाकून तो उभा राहिला. मग पावलोपावली टाचा मारीत सुटलो. घाम आला, राग आला, आणि शेवटी झाडाची एक डहाळी मोडून हाती घेतली.

तेव्हा घोडेवाल्याने आम्हांस खाली उतरविले. त्याने प्रथम तंग सैल करून पाहिला, खोगिराखाली हात घातला, चारही खूर उचलून खडा रुतला आहे काय ते तपासले. काही दुखत नव्हते. इतक्यात घोड्याच्या खांद्यावर माशी बसली आणि तेवढ्याच जागेचे कातडे थरथरले. तो म्हणाला, “पाळकसाहेब, माशीचे पाऊल ज्याला कळते, त्याला तुमची टाच कळत नाही काय? तो थांबला तरी टाच, चालला तरी टाच. मग चालून त्याला काय मिळाले? आणि पडाल ह्या भीतीने लगाम तर तुम्ही गच्च ओढून धरला आहे. पाय म्हणतो चल, हात म्हणतो थांब.”

आम्ही खजील झालो. त्याने सांगितल्याप्रमाणे पुन्हा बसलो, हात सैल केला, दृष्टी पुढे ठेविली, पाय एकदाच हलके दाबले. उत्तर आले नाही, तेव्हा दुसऱ्याने थोडे जोराने. घोडा निघताच पाय निवांत ठेविले. तो काही वाऱ्यासारखा धावला नाही, पण चालला.

ग्रीक लेखक झेनोफन ह्याने ख्रिस्तपूर्व ४ थ्या शतकात अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. बळजबरीने करविलेले काम घोडा समजून करीत नाही, असे त्याचेही मत होते. आणि बलामाची गोष्ट पाहा (गणना २२). त्याने गाढवीस तीनदा मारले. परंतु वाटेत उभा असलेला देवदूत तिला दिसत होता, स्वाराला दिसत नव्हता.

बंधूंनो, आमच्या रात्रीच्या वर्गात एक तरुण होता. अक्षरे त्यास लवकर येत नसत. आम्ही त्यास रोज सर्वांसमोर बोललो. चुकला तरी बोललो, आणि एके दिवशी त्याने सबंध ओळ वाचली, तेव्हाही “इतके दिवस काय करीत होतास?” असेच बोललो. पुढे तो येईनासा झाला. त्याचे मन कठीण आहे, असे आम्ही मंडळीत सांगत असू. घरी परतल्यावर आम्ही त्याच्या दारी गेलो व क्षमा मागितली. त्याने आम्हांस पाणी दिले. तो अद्याप वर्गास आलेला नाही. आम्ही पुन्हा जाणार आहो.

आळसास आळस म्हणू नये, असे आमचे म्हणणे नाही. सांगावयाचे ते स्पष्ट सांगावे; पण एकदा सांगावे, आणि पाऊल पडताच ते पाहावे. घोड्यासारखे बुद्धिहीन होऊ नका, हा ३२ व्या स्तोत्रातील बोध आपण नेहमी मंडळीकडे बोट दाखवून सांगतो. त्याच्या लगत वरच, देव आपणांवर दृष्टी ठेवून वाट दाखवितो, असे आश्वासन आहे. तो आपणांस पावलोपावली टाच मारीत नाही.

म्हणून ह्या आठवड्यात जो आपणांस मठ्ठ वाटतो, त्याच्याकडे जा. त्यास कोठे काही खुपत आहे काय, ते प्रथम पाहा. मग आपला स्वतःचा हात पाहा. कदाचित लगाम आपणच ओढून धरला असेल.