बिनचकाकीचा रंग

चकाकी ही स्वच्छतेची खूण, हा समज आपल्या अंगात लहानपणापासून मुरलेला असतो. दिवाळी आली की समया, तांब्ये चिंचेने घासून लखलखीत करायचे, आणि जे लखलखत नाही ते घासायचे राहिले असे धरायचे. या समजापायी माझ्या हातून एक अपराध घडला.

डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याने राखी मॅट रंगाची मोटार घेतली. २०२१ साली किआने सेल्टॉसची एक्स-लाइन आवृत्ती असल्या रंगात आणली, आणि हा बिनचकाकीचा रंग आमच्यासारख्यांच्या आवारातही दिसू लागला. मोटार धुवायला पहाटे एक पोरगा येई. बॉनेटवर कावळा शिटलेला असला की तो त्यावर ओले मऊ कापड पसरी आणि बाजूला बसून राही. मी खिडकीतून पाही आणि मनाशी म्हणे, ‘काय हा कामचुकारपणा!’

एका रविवारी पोरगा यायच्या आतच मी खाली उतरलो, कोरडे फडके घेतले आणि जोर लावून तो डाग पुसून काढला. डाग गेला, पण त्या जागी तळहाताएवढा तुकडा चमकू लागला. मला तर तो अधिकच स्वच्छ वाटला!

संध्याकाळी त्या पोराला बोलणी बसताना मी जिन्यात उभा होतो. महिन्याचे पैसे कापण्याची भाषा चालली होती. तो ‘मी नाही केलं’ एवढेच म्हणत होता. मी घरात आलो आणि दार लावून घेतले.

सकाळी मात्र मी जाऊन सांगितले. “सर, तुम्ही? जाऊ द्या,” असे म्हणून माझा विद्यार्थी हसला. पैसे कापले गेले नाहीत. मग त्यानेच मला समजावले. साध्या रंगावरचा लाखेचा थर सपाट असतो. मॅट रंगावरचा मुद्दाम अतिसूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो. उजेड त्यावर पडून विखुरतो, म्हणून तो चकाकत नाही. घासले की तो खडबडीतपणा दबतो आणि तेवढीच जागा चमकते. साध्या रंगावरचा ओरखडा पॉलिशने थोडा थर खरवडून नाहीसा करता येतो. इथे पॉलिश लावले तर डागच वाढतो. उपाय एकच, सारे बॉनेट पुन्हा रंगवणे. म्हणून ब्रशांच्या यंत्रात ही मोटार घालायची नाही, मेण लावायचे नाही. सावलीत, सौम्य साबणाने, भरपूर पाण्याने धुवायची. शीट तशीच राहू दिली तर तीही रंग खाते. तेव्हा ती भिजवायची, मऊ होऊ द्यायची आणि अलगद उचलायची.

म्हणजे तो पोरगा बसून राहत नव्हता. वाट पाहत होता. हे मला कळायला हवे होते. फळा चकाकू लागला की खिडकीच्या बाजूच्या मुलांना अक्षर दिसेनासे होते, हे मी वर्गात किती वेळा पाहिले आहे!

काळजी म्हणजे हात लावणे, की हात आवरणे? हेळसांड आणि अतिउत्साह यांच्या मध्ये एक जागा आहे. तिथे बसून राहावे लागते, आणि बसणारा आपल्याला आळशी दिसतो. माझ्या प्रेमात दोष नव्हता असे मी स्वतःला समजावू पाहिले. पण ज्या वस्तूचा स्वभाव आपण विचारलाही नाही, तिच्यावरचे प्रेम हे निम्मे स्वतःच्याच हौसेवरचे असते. आणि जिन्यातल्या त्या मौनाला तर हौसेचीही सबब नाही.

मी त्या पोराची माफी मागितली. तो “असू द्या, काका” म्हणाला; पण पूर्वी मला पाहून हसे, तसा हसला नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा तोंड उघडले आणि मिटले. ती माफी त्याच्यासाठी नव्हती. माझा डाग जावा म्हणून मी त्यालाच घासत होतो.

बॉनेट अजून रंगवलेले नाही. उन्हात तो तुकडा चमकतो. पोरगा त्याच्या कडेने हलक्या हाताने कापड फिरवतो, आणि मी खिडकीतून पाहतो. आता मनाशी काही म्हणत नाही.