सटवीसाठी ठेवलेला कोरा कागद

आठवा महिना लागला की पहिलटकरणीच्या कानावर दोन उलट सल्ले पडू लागतात. घरातली थोरली बाई बजावते की बाळाचे काही आधी विकत आणायचे नाही. पाळणा नको, नवे झबले-टोपडे नको, नाव ठरवणे तर नकोच. जुनी लुगडी धुऊन त्यांची दुपटी नि लंगोट शिवून ठेवले तर तेवढे चालते. दुसरा सल्ला गर्भसंस्काराच्या वर्गातून येतो: एक दिवसही वाया घालवू नका, हे मंत्र ऐका, ही कोडी सोडवा, म्हणजे बाळ बुद्धिमान, शांत आणि तेजस्वी निपजेल. पहिल्या सल्ल्याला आपण अंधश्रद्धा म्हणतो आणि दुसऱ्याला प्राचीन शास्त्र. मला ही वाटणी चुकीची वाटते. जो जीव अजून कोणी पाहिलेला नाही, त्याच्यासाठी काय करून ठेवायचे आणि काय त्याच्यावर सोडायचे, हा मुळातला प्रश्न आहे आणि तो धर्माचाही आहे. थोरल्या बाईच्या सांगण्यातून भीती वजा केली तरी एक खोल समज उरते, असे माझे म्हणणे आहे. तयारी आईची करावी, घराची करावी. बाळ कसे असावे याची करू नये.

आपल्या परंपरेने गर्भारपणातल्या विधींत नेमके कोणाकडे पाहिले, हे आधी तपासू. डोहाळजेवण आणि ओटीभरण यांच्यामागे जो जुना संस्कार उभा आहे तो सीमंतोन्नयनाचा, म्हणजे गर्भवतीच्या केसांचा भांग वर काढण्याचा. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात तो चौथ्या महिन्यात सांगितला आहे, याज्ञवल्क्याने सहाव्या किंवा आठव्यात. साळिंदराचा काटा, उंबराची कच्ची फळे, दर्भाच्या जुड्या असे साहित्य, नवऱ्याने स्वतः भांग काढायचा, आणि वीणेवर गाणाऱ्यांना गायला सांगायचे. या सगळ्यात हात लावला जातो तो बाईच्या डोक्याला. पुढे धर्मशास्त्रकारांत वाद झाला की हा संस्कार गर्भाचा की स्त्रीचा. गर्भाचा असेल तर दर वेळी करावा लागेल. स्त्रीचा असेल तर एकदाच, पहिल्या खेपेला. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे दोन्ही पक्ष नोंदवले आहेत. ‘स्त्रीचा, म्हणून एकदाच’ म्हणणाऱ्यांची भाषा क्षेत्राची आहे, शेत नांगरावे तशी, आणि ती आज खटकते, खटकावीही. पण पहिले मूल येताना बदल होतो तो आईत आणि तो पुन्हा तसाच होत नाही, हे त्यांनी अचूक ओळखले होते. आश्वलायन याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती मला फार मोलाची वाटते. ज्यांचे पती आणि मुले हयात आहेत अशा वृद्ध बायका जे जे सांगतील ते ते करावे, असा त्याचा आदेश आहे. सूत्रकार स्वतःचा अधिकार इथे अनुभवी बायकांच्या हाती देतो.

चरकाच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायाचा रोखही तोच आहे. नववा महिना लागण्याआधी सूतिकागार बांधून तयार असावे, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. जागा कशी, दार कुठे, तूप, तेल, मीठ, औषधी काय काय आणून ठेवायचे याची लांबलचक यादी येते आणि तिच्यात माणसेही येतात: अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, न थकणाऱ्या, धीर देणाऱ्या बायका. बाळाच्या खोलीचे, मऊ धुतलेल्या अंथरुणाचे, तोंडात जाणार नाहीत अशा रंगीत खेळण्यांचे वर्णनही त्याच अध्यायात आहे, पण ते जन्म आणि नामकरण सांगून झाल्यावर येते. ग्रंथातला क्रम म्हणजे घरातल्या कामाचा क्रम नव्हे, हे मान्य. तरी लेखकाच्या मनातली उतरंड त्यातून कळते. आपल्याकडची रीतही पाहा. पहिले बाळंतपण माहेरी. म्हणजे मुलीला तिच्या ओळखीच्या भिंतींत, तिच्या आईच्या हाताखाली न्यायचे. डिंक आणि आळीव आधी आणून ठेवायचे, बाळंतिणीची खोली मोकळी करायची. बाळंतविडा येतो तो बाळ आल्यावर.

यावरचा पहिला आक्षेप सरळ आहे. आधी काही आणू नये ही रीत निव्वळ बालमृत्यूच्या भीतीतून आली. ती भीती सरली की रीतही सरावी. कारण खरेच आहे. १९७१ साली भारतात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. रिकामा पाळणा बघावा लागू नये म्हणून पाळणाच आणायचा नाही, हा त्या काळचा शहाणपणा होता. युरोपातल्या ज्यू घरांतही हीच रीत आढळते, ती याच अनुभवातून आली असणार. पण आकडे उतरले ते तयारीमुळे, हे विसरता येत नाही. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे फळ छापून आले तेव्हा नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. शिकलेली बाई गर्भवतीच्या घरी आधी जात होती, बाळंतपणाच्या वेळी हजर होती. म्हणून ‘काहीच करू नका’ असा अर्थ कोणी या रीतीतून काढत असेल, दवाखान्याची पिशवी भरायला, गाडी सांगून ठेवायला, रक्तगट जुळणारा माणूस शोधून ठेवायला अपशकुन मानत असेल, तर ती रीत जीव घेते आणि तिथे ती मोडलीच पाहिजे. मात्र या साऱ्या गोष्टी आईच्या आणि जगण्याच्या तयारीच्या आहेत. चरकाने नवव्या महिन्याआधी मागितल्या त्याच या.

दुसरा आक्षेप गर्भसंस्काराच्या बाजूने येतो आणि तो अधिक गंभीर आहे. गर्भ ऐकतो, असे पुराणे सांगतात आणि आता विज्ञानही सांगते. मग त्याला घडवायची संधी का सोडावी? आधी पुराणांकडे जाऊ. पोटात असताना ऐकणारी तीन मुले आपल्याला ठाऊक आहेत. प्रल्हादाने नारदाचा उपदेश ऐकला आणि तो बापाच्या साऱ्या इच्छेविरुद्ध वाढला. हिरण्यकशिपूच्या घराने जे मूल मागितले असते त्याच्या नेमके उलट. अष्टावक्राने पोटातूनच बापाच्या पठणातली चूक दाखवली आणि बापाच्या शापाने तो आठ ठिकाणी वाकडा जन्मला. तिसरा अभिमन्यू. महाभारताच्या द्रोणपर्वात तो एवढेच सांगतो की व्यूह फोडून आत शिरायला वडिलांनी शिकवले, बाहेर पडायला नाही. सुभद्रेला डुलकी लागली म्हणून अर्धेच कानी पडले, ही सर्वांच्या तोंडी असलेली कथा घेतली तरी तिचा शेवट काय? अपुरी विद्या, कोवळा मृत्यू, आणि दोष कोणाचा, तर झोप लागलेल्या गर्भवतीचा. या तिन्ही कथांत मूल आईबापांच्या आराखड्याप्रमाणे घडल्याचे एकही उदाहरण नाही. उलट पोटातला जीव स्वतःचे काही घेऊन आला आहे, तो बापालाही दुरुस्त करू शकतो, हीच त्यांची शिकवण दिसते. कर्मसिद्धांत मानणाऱ्याला तर हे पटायला अडचण नसावी. गीतेच्या सहाव्या अध्यायातला योगभ्रष्ट चांगल्या घरी जन्म घेतो, पण तिथे त्याला मिळते ती त्याचीच मागल्या जन्मीची बुद्धी. घर त्याला अनुकूल जागा देते. बुद्धी घराने दिलेली नसते.

विज्ञानाचा पुरावा याहून वेगळे बोलत नाही. पंचविसाव्या-सव्विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाला आवाज जाणवू लागतो. १९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी दाखवले की तीन दिवसांच्या आतली बाळे परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकू यावा अशा रीतीने चोखतात. १९८६ साली डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांच्या अभ्यासात आयांनी शेवटच्या सहा आठवड्यांत एक गोष्ट रोज मोठ्याने वाचली आणि जन्मल्यावर बाळांनी तीच पसंत केली. हे मन हेलावणारे आहे. पण यातून सिद्ध होते ती ओळख. बाळ आईला आवाजाने आधीच भेटलेले असते, एवढेच. त्याची बुद्धी किंवा स्वभाव ठरतो, असा निष्कर्ष यातून निघत नाही. तेव्हा आईने पोटातल्या बाळाशी जरूर बोलावे, गावे, आवडत असेल तर स्तोत्र म्हणावे. आपण चुकलो तर मूल उणे निपजेल, हा धाक मात्र तिच्या उशाशी ठेवू नये. नवव्या महिन्यात कुशीवर वळतानाही जागी होणाऱ्या बाईला झोप लागली, तर त्या घरात कोणाचेही काही बिघडत नाही.

घडवण्याच्या इच्छेचे टोक आपण पाहिले आहे. सीमंतोन्नयनाच्या आधी तिसऱ्या महिन्यात पुंसवन सांगितले आहे, ते मुलगाच व्हावा म्हणून. आजही डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवतात आणि पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी म्हणून हसतात. तो खेळ निरागस असेल. पण याच राज्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. गर्भलिंगनिदानावर पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला, कारण गरज इथेच भासली होती. बाळ कोण असावे हे आधी ठरवणारी तयारी, ज्याला नको म्हटले त्याला दारातूनच परत पाठवायला शिकते. हुशार, गोरे, शांत मूल मागणे आणि मुलगा मागणे यांत अंतर आहे, पण वाट एकच आहे.

कोणी विचारील, मग आईबापांनी मुलावर काहीच संस्कार करायचे नाहीत का? करायचे, आयुष्यभर करायचे. ते समोर आलेल्या, रडणाऱ्या, नाकारू शकणाऱ्या मुलावर होतात आणि त्यात त्याचे उत्तरही ऐकावे लागते. पाचवीच्या पूजेत पाटा-वरवंट्याशेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, रात्री सटवी येऊन बाळाचे विधिलिखित लिहील म्हणून. सटवीवर विश्वास असो वा नसो, घरच्यांनी तो कागद कोरा ठेवलेला असतो, हे लक्षात घ्यावे. लेखणी आणणे त्यांचे काम, मजकूर नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि त्याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. नाव नाही, पाळणा नाही, कपडा नाही. मग बाळ गेले तर त्या आईने कशाला कवटाळून रडावे? ही रीत तिला रिकामा पाळणा दाखवत नाही, पण काही झालेच नव्हते असे भासवून तिचे दुःखही काढून घेते. इथे रीतीने हार मानावी. एखादीला एक टोपडे विणून ठेवावेसे वाटले, मनात एखादे नाव घोळवावेसे वाटले, तर तिला अडवू नये. बाळ कसे असावे याचा हट्ट त्यात नसतो, ते आले आहे याची कबुली असते. खुद्द मनुस्मृतीत, गर्भपात झाला तर जितक्या महिन्यांचा गर्भ तितक्या रात्री त्या स्त्रीला अशौच सांगितले आहे. शुद्धी-अशुद्धीची ती भाषा आज कोणी पाळू नये. पण त्या हिशेबात प्रत्येक महिना मोजला आहे, आणि जो कोणाला दिसला नाही, ज्याला नाव मिळाले नाही, त्याच्यासाठी तितक्या रात्री राखून ठेवल्या आहेत.