चुलीचा न्याय

धुराने डोळे चुरचुरतात, छाती भरते, हे चुलीपुढे बसणाऱ्या बाईला कुणी सांगावयास नको. तरी १९८३ साली सरकारने हाती घेतलेल्या सुधारित चुलींपैकी पुष्कळ अडगळीत गेल्या, नि दोष लागला तिच्या अडाणीपणाला. मला हा न्याय उलटा वाटतो. तिचे पातेले तोंडावर नीट बसत नाही, लाकूड बारीक फोडावे लागते, धुराडे काजळीने तुंबते. भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्यापुढे शेकायची, तर निखारा आतच कोंडलेला! (चूल आखणाऱ्याने भाकरी आयतीच खाल्ली असावी.) प्रयोगशाळेत पाणी उकळले की परीक्षा संपली, घरात ती दोन्ही वेळा असते. कुणाचे हित त्याला न विचारता ठरवावे काय? आखणाऱ्याने आधी महिनाभर स्वतः भाकऱ्या भाजाव्या. धूर मागाहून मोजावा.