कुटुंबासह, की कुटुंबाजवळ?

एलातला किंवा अश्कलोनच्या किनाऱ्यावर सुट्टीला जाण्याचे ठरते, तेव्हा घरातील व्हीलचेअरवरची आजी म्हणते, "तुम्ही जा, मी घरीच बरी." आपण त्याला त्याग म्हणतो. वाचकहो, दुसरी वाटच नसताना केलेल्या गोष्टीला त्याग म्हणावे काय?

इस्रायलात १९९८ साली अपंगांच्या समान हक्कांचा कायदा झाला. २००५ साली त्यात सार्वजनिक जागा त्यांना वापरता याव्यात यासाठी प्रकरण जोडले गेले. तेव्हा उतार किंवा रुंद दार हे हॉटेलवाल्याचे उपकार नव्हेत.

पण माझी खरी हरकत वेगळी आहे. पुष्कळदा अशी खोली असते ती दोन खाटांची, तळमजल्यावर. मुले-नातवंडे दोन मजले वर. जणू अपंग माणसाला मदतनीस लागतो, कुटुंब लागत नाही! न्हाणीघराला उंबरठा नाही, बसून अंघोळ करता येते, खुर्ची वळवायला दीड मीटर जागा आहे, सारे यथास्थित. परंतु रात्री नातवंडांचा दंगा चालतो तिथे आजी नसते. समुद्रावर आणून तिला निराळी ठेवायची, तर घरी ठेवण्याहून ते कितीसे वेगळे?

कोणी म्हणेल, थोड्यांसाठी एवढ्या मोठ्या खोल्या कशाला? हा हिशेब मला पटत नाही. त्या खोलीत धडधाकट कुटुंबही सुखाने राहते. उलट मात्र होत नाही. (उतारावरून बाळाची गाडीही जाते, आयांना विचारा.)

खोली ठरविताना भाड्याच्या आधी विचारावे, "आम्ही सहाजण एकत्र राहू शकू काय?" नकार आला, तर कारणही विचारावे.