मुहपत्ती आधी कारखान्याला

जळगावहून भुसावळकडे निघालं की लागणाऱ्या नशिराबादला सिमेंटचा कारखाना आहे. पुढे दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आणि त्याची राख. या पट्ट्यात कितीतरी घरांची चूल धुळीच्या कामावर पेटते. कामगाराने मास्क लावावा, हे सगळेच सांगतात. पण धूळ उडवणार कोण आणि तोंड बांधणार कोण, हा प्रश्न नीतीचा आहे. खानदेशातल्या जैन स्थानकांत त्याचं उत्तर रोज दिसतं. स्थानकवासी साधू-साध्वी मुहपत्ती, म्हणजे तोंडावरची कापडी पट्टी, बांधतात ती स्वतःला जपायला नव्हे. आपल्या श्वासाने हवेतल्या जीवांना इजा होऊ नये म्हणून. ज्याच्यामुळे इजा होते, बंधन त्याने पाळायचं. हाच न्याय लावला तर पहिली मुहपत्ती गोणी भरणाऱ्या यंत्राच्या तोटीला बसते: धूळ तिथेच ओढून घेणारा पंखा आणि बॅग फिल्टर. 1948च्या कारखाने कायद्याचं 14वं कलमही धूळ उठते त्याच्या शक्य तितक्या जवळ ती ओढून घ्यायला सांगत आलं.

कोणी म्हणेल, फिल्टरची फाटकी पिशवी बदलायला माणूसच आत जाणार, मग मास्क हवाच. मान्य. पण तो खरा हवा. तोंडाला गुंडाळलेला रुमाल सिमेंटची बारीक धूळ अडवत नाही. आयएस 9473 प्रमाणित मास्क, दोन्ही पट्टे डोक्यामागे, नाकावरची पत्ती नीट दाबलेली. एवढं करूनही कडेने हवा शिरली तर सगळं फुकट. आणि सिमेंट साठवायच्या बंद सायलोत प्राणवायूच कमी असेल तर गाळणीचा कुठलाच मास्क कामाचा नाही. दाढीवरही तो घट्ट बसत नाही, म्हणून श्रद्धेने दाढी राखणाऱ्यापुढे ‘दाढी की नोकरी’ असा पेच टाकला जातो. हा पेच खोटा आहे. पंख्याने गाळलेली हवा पुरवणारं सैल शिरस्त्राण मिळतं, त्याला गालाशी चिकटावं लागत नाही. ते महाग आहे, इतकंच. आणि तो खर्च कोणाचा, हे मुहपत्तीच्या न्यायाने ठरलेलंच आहे.

उरतो प्रारब्धाचा आक्षेप: ज्याच्या नशिबी जे असेल ते होणारच. पण कर्म मानणाऱ्या जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, धरलेला आहे. धूळ दिसत असताना फिल्टर तसाच ठेवणाऱ्याला प्रारब्धाची ढाल मिळत नाही. तेव्हा मे महिन्यातल्या उन्हात घामाघूम झालेल्या कामगाराने मास्क हनुवटीवर ओढला, तर त्याच्यावर खेकसण्याआधी फिल्टरच्या पिशव्या शेवटच्या कधी बदलल्या, ते मालकाला विचारा.