बिगुलाची तिसरी कळ

बिगुलाला किती कळा असाव्यात, हा नीतिशास्त्राचा प्रश्न होऊ शकतो असे कोणास सांगितले तर तो हसेल. परंतु अमेरिकेतील ढोल-बिगुल पथकांच्या जगात अशाच प्रश्नांवरून वडीलधारी आणि तरुण मंडळी कित्येक दशके एकमेकांशी हुज्जत घालीत आली आहेत. वाद वरवर पाहता वाद्यांचा आहे. थोडे खोल उतरले की लक्षात येते, तो वारशाचा आहे. वारसा कोणाच्या मालकीचा, देणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या, याचा आहे. आणि या पथकांपैकी कित्येकांचा जन्म कॅथोलिक धर्मग्रामांत झालेला असल्याने हा वाद आपल्यालाही अगदीच परका नाही.

‘ड्रम कोअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पथकांशी आपल्या वाचकांपैकी थोड्यांचाच परिचय असेल. आपल्याकडे सणाला किंवा लग्नाच्या वरातीत वाजणारा ब्रास बँड डोळ्यांपुढे आणावा, त्यातून क्लॅरिनेटसारखी वाद्ये वगळावीत, केवळ पितळी बिगुल आणि ढोल ठेवावेत, सोबत ध्वजधारी तुकडी द्यावी, आणि सुमारे दीडशे तरुण-तरुणींना फुटबॉलच्या भल्यामोठ्या मैदानावर लष्करी काटेकोरपणे चालत, आकृत्या घडवीत, दहा-बारा मिनिटे वाजवायला लावावे. उन्हाळाभर ही पथके गावोगाव फिरतात आणि ऑगस्टमध्ये अंतिम स्पर्धा होते. एका वयोमर्यादेचा नियम मात्र कटाक्षाने पाळला जातो. एकविशी-बाविशी उलटली की पथक सोडावेच लागते, मग वादक कितीही निष्णात असो.

पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी ही परंपरा रुजविली. १९३० साली शिकागोचे साहाय्यक बिशप बर्नार्ड शील यांनी कॅथोलिक युवक संघटना स्थापन केली आणि धर्मग्रामांतील तरुणांच्या कार्याला अमेरिकेत नवे बळ मिळाले. १९३४ साली न्यू जर्सीतील गारफिल्ड येथे ‘होली नेम कॅडेट्स’ उभे राहिले. नुअर्कच्या ब्लेस्ड सॅक्रामेंट धर्मग्रामाचे ‘गोल्डन नाइट्स’, बेयॉनचे ‘सेंट व्हिन्सेंट्स कॅडेट्स’, बॉस्टनच्या हाइड पार्क भागातील मोस्ट प्रेशस ब्लड धर्मग्रामात १९४० साली सुरू झालेले ‘क्रुसेडर्स’, ही नावेच त्यांचे गोत्र सांगतात. स्थलांतरित कष्टकऱ्यांच्या मुलांना रस्त्यावरून उचलून शिस्तीत, सोबतीत आणि संगीतात आणणे, हा त्यामागील साधा हेतू होता.

आता कळांची गोष्ट. प्रारंभीच्या बिगुलाला कळच नव्हती. मोजकेच स्वर त्यातून निघत. मग एक कळ आली, पुढे दोन झाल्या, आणि १९९० साली तीन कळांचा बिगुल नियमात बसला. २००० साली ‘जी’ या एकाच पट्टीचे बंधनही सुटले. १९८०च्या दशकाच्या आरंभी मारिंबा, झायलोफोन यांसारखी वाद्ये खांद्यावरून उतरून मैदानाच्या कडेला स्थिर झाली. २००४ साली ध्वनिवर्धकाला आणि २००९ साली सिंथेसायझरला परवानगी मिळाली. यांपैकी प्रत्येक पावलाला ‘आता ड्रम कोअर संपले’ असे म्हणणारा एक वर्ग होता. गमतीचा भाग हा, की तो वर्ग दर वेळी निराळा होता. एका कळेवर वाढलेल्यांना दुसरी खटकली, दोन कळांवर वाढलेल्यांना तिसरी. आणि तीन कळांवर वाजवून मोठे झालेल्यांनी ध्वनिवर्धकाविरुद्ध आवाज उठविला. प्रत्येकाच्या लेखी खरी परंपरा त्याच्या स्वतःच्या एकविसाव्या वर्षी येऊन थांबली होती.

यात केवळ हट्ट आहे असे मी म्हणणार नाही. वयोमर्यादेच्या त्या नियमाकडे पुन्हा पाहावे. ज्याने बालपणापासूनचे उन्हाळे एका गोष्टीला वाहिले, त्याला ती एका ठरलेल्या दिवशी कायमची सोडावी लागते. गवई साठीतही गातो, सुताराच्या हातून रंधा सुटत नाही. या मुलाला मात्र उरते ती आठवण. नंतर कोणी त्या गोष्टीचे रूप बदलले, तर त्याला आपले तारुण्यच कोणीतरी खोडून टाकल्यासारखे वाटते. म्हाताऱ्यांच्या चिडचिडीवर हसणाऱ्या तरुणांनी हे दुःख समजून घ्यावयास हवे. उलटपक्षी, वडिलांनीही एवढे मान्य करावे की आठवण हा मालकीहक्काचा दस्तऐवज नव्हे.

१९७१ साल या इतिहासात मोलाचे आहे. तोपर्यंत स्पर्धांचे नियम प्रामुख्याने माजी सैनिकांच्या संघटना ठरवीत. त्या वर्षी गारफिल्डच्या मुलांनी, म्हणजे एका धर्मग्रामाच्या पोटी जन्मलेल्या त्याच पथकाने, युद्ध नको असे सांगणारा कार्यक्रम सादर केला आणि मैदानावर शांतीचे चिन्ह रेखाटले. व्हिएतनाममधील युद्ध चालू होते. ज्यांच्या आश्रयाने ही कला वाढली ते युद्धातून परतलेले पुरुष होते. त्याच वर्षी पथकांच्या संचालकांनी ‘ड्रम कोअर्स इंटरनॅशनल’ ही स्वतःची संस्था स्थापन केली, आणि १९७२ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. वडील दुखावले गेले असतील. त्यांच्या पदरात वाढलेल्यांनी घर वेगळे केले होते. पण चालण्याची शिस्त, ताठ मान, तालाची निष्ठा हे सारे मुलांनी त्यांच्याकडूनच घेतले होते. शांतीचे चिन्हही त्यांनी लष्करी पावलांनीच काढले!

माझ्या मते सर्वांत विचार करण्याजोगा बदल वाद्यांतला नाही, गुणदानातला आहे. जुन्या पद्धतीत परीक्षक हाती फळी घेऊन मैदानावर मुलांच्या रांगांतून हिंडत. पथकाला आरंभी पूर्ण गुण बहाल केलेले असत. मग एखाद्याचे पाऊल चुकले, टिपरू उशिरा पडले, की परीक्षक एक खूण करी आणि एक दशांश गुण कापला जाई. या खुणेला ‘टिक’ म्हणत. १९८४च्या हंगामापासून ही पद्धत बंद झाली आणि परीक्षक पथकाने काय साधले, किती अवघड गोष्ट पेलली, हे पाहून गुण देऊ लागले.

जुन्या मंडळींचा आक्षेप असा, की चूक ही चूक असते, ती मोजता येते. ‘साधले’ म्हणजे काय हे मात्र परीक्षकाच्या रुचीवर जाते. हा आक्षेप पोकळ नाही. मोजता येणाऱ्या न्यायात गरिबाच्या पथकाला संरक्षण असते. रुचीच्या न्यायात भपक्याला वाव मिळतो. तरीही कबुलीच्या खुर्चीवर अनेक वर्षे बसलेल्या माणसाला टिक पद्धतीत एक ओळखीचा धोका दिसतो. जिथे केवळ चुका मोजल्या जातात तिथे शहाणा माणूस काही अवघड करायलाच जात नाही. कमी हालचाल, कमी चुका. संत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील दाखला वाचकांना आठवत असेल. मिळालेला पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या त्या चाकराच्या हिशेबात एकही चूक नव्हती. धन्याचे धन त्याने जसेच्या तसे परत केले. टिक पद्धतीने त्याला पूर्ण गुण मिळाले असते. धनी मात्र वेगळ्या पद्धतीने परीक्षा घेत होता. आपल्या घराघरांतही मुलांच्या प्रगतिपुस्तकाकडे आपण कोणत्या परीक्षकाच्या डोळ्यांनी पाहतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

नव्याला पहिल्यांदा मिळणारे उत्तर बहुधा नापसंतीचेच असते. १९९३ साली ‘स्टार ऑफ इंडियाना’ या पथकाने बार्टोक आणि बार्बर यांच्या रचनांवर आधारलेला एक कठोर, गोडव्याला फाटा देणारा कार्यक्रम केला. टाळ्यांची सवय असलेला प्रेक्षकवर्ग त्यावर नाराज झाला. अंतिम स्पर्धेत ते एक दशांश गुणाने दुसरे आले. पहिले आले ते गारफिल्डच्या परंपरेतले ‘कॅडेट्स’. त्यानंतर ‘स्टार’ने स्पर्धाच सोडली. आज तोच कार्यक्रम जाणकारांत अभिजात म्हणून गौरविला जातो. म्हणून काय नापसंत झालेले प्रत्येक नवे काम पुढे अभिजात ठरते? मुळीच नाही. पुष्कळसे विसरले जाते, आणि ते योग्यच असते. फक्त पहिल्या संध्याकाळच्या नापसंतीवरून निकाल लावता येत नाही, इतकेच.

आपल्याकडे हे नाट्य घडून गेलेले आहे. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे संविधान घोषित केले आणि लॅटिनच्या जागी आपली मराठी वेदीवर आली. तेव्हा ज्यांना लॅटिन प्रार्थना तोंडपाठ होत्या त्यांच्या घशात आवंढा आला. ज्या तरुणांनी मोठ्या उत्साहाने देवळात हार्मोनियम आणि तबला आणला, तेच आता केस पांढरे झाल्यावर कीबोर्डविषयी तक्रार घेऊन धर्मगुरूंकडे येतात. मी त्यांना खुर्ची देतो, चहा देतो आणि त्यांचे ऐकून घेतो. कारण पुष्कळदा त्यांचे निम्मे म्हणणे खरे असते.

संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८४५ साली धर्मतत्त्वांच्या विकासावर जो निबंध लिहिला, त्यात खरा विकास आणि विकृती यांतील भेद ओळखण्याच्या सात खुणा दिल्या. मूळ प्रकृती टिकून राहणे आणि तत्त्वांत सातत्य असणे या त्यांपैकी पहिल्या दोन. न्यूमन बिगुलाविषयी बोलत नव्हते हे उघड आहे, पण कसोटी उसनी घेण्यास हरकत नसावी. ती लावली की तिसरी कळ, ध्वनिवर्धक, डोईवरची उतरलेली टोपी हे सारे बाह्य रूप ठरते. मग तत्त्व कोणते? गल्लीतल्या गरीब मुलाच्या हाती वाद्य देणे हे होते काय? तसे असेल तर तक्रारीची जागा चुकली. १९५०-६०च्या दशकांत अशी शेकडो पथके होती, धर्मग्रामांची, मोहल्ल्यांची. आज राष्ट्रीय पातळीवर उरली आहेत ती काही डझन. त्यांत प्रवेशासाठी देशभरातून निवड चाचण्या होतात आणि एका उन्हाळ्यासाठी सदस्याला हजारो डॉलर भरावे लागतात. वादन विलक्षण उंचीला पोहोचले, यात शंका नाही. परंतु कारखान्यातील मजुराचा मुलगा त्या उंचीखाली उभा राहून वर पाहतो. या बदलाविरुद्ध तिसऱ्या कळेइतका गदारोळ झाला असता तर बरे झाले असते.

याहून गंभीर गोष्ट सांगणे भाग आहे. गारफिल्डच्या पथकाने १९८३ ते २०११ या काळात दहा वेळा अजिंक्यपद मिळविले. २०१८ साली त्याच्या दीर्घकाळच्या संचालकावर अनेक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले आणि त्याला पद सोडावे लागले. पुढे १९८०च्या दशकाच्या आरंभी झालेल्या कथित अत्याचारावरून संस्थेवर दिवाणी दावा दाखल झाला. तो भार पेलणे अशक्य होऊन २०२४ साली, नव्वद वर्षांच्या वाटचालीनंतर, ‘कॅडेट्स’नी आपले कार्य थांबविले. जे वडील गणवेशाच्या रंगावर पहारा देत होते आणि जे तरुण नावीन्याच्या बाजूने भांडत होते, त्या दोघांच्याही यादीत ही गोष्ट नव्हती. पावले मोजणारे परीक्षक रांगांतून हिंडत होते. आपल्या ताब्यात दिलेले मूल सुरक्षित आहे काय, या प्रश्नासाठी त्यांच्या फळीवर रकानाच नव्हता. ख्रिस्तसभेने या बाबतीत दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. तिचाही या विषयातील इतिहास आता जगजाहीर आहे, आणि अनेकदा परंपरेचे नाव घेऊनच तिथे मौन पाळले गेले.

जुने म्हणून जपणे आणि नवे म्हणून स्वीकारणे, या दोन्हींत एक सुखाचा आळस आहे. दोन्हींत माणसाकडे पाहावे लागत नाही. वस्तूकडे पाहिले की भागते. ‘मॅडिसन स्काउट्स’ हे १९३८ पासूनचे केवळ मुलांचे पथक. २०१९ साली त्यांनी मुलींनाही प्रवेश देण्याचे जाहीर केले, तेव्हा पुष्कळ माजी सदस्य व्यथित झाले. त्यांचे बंधुत्व खोटे नव्हते, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलीची वाजविण्याची ओढही खोटी नव्हती. अशा ठिकाणी नियमपुस्तक उपयोगी पडत नाही. दोन्ही माणसांना समोर बसवून बोलावे लागते, आणि ते करण्यास वेळ लागतो.

बॉस्टनच्या ‘क्रुसेडर्स’चा उल्लेख वर आला आहे. १९४० साली एका धर्मग्रामात जन्मलेल्या या पथकाला ड्रम कोअर्स इंटरनॅशनलचे अजिंक्यपद पहिल्यांदा मिळाले ते २०२५च्या ऑगस्टमध्ये, इंडियानापोलिस येथे. पंचाऐंशी वर्षे त्यासाठी जावी लागली. मैदानावर ध्वनिवर्धक होते, सिंथेसायझर होता, पूर्वीच्या लष्करी थाटाचे फारसे काही उरलेले नव्हते. १९४० साली त्या पथकात बिगुल धरलेला एखादा मुलगा आज हयात असेल तर त्याची नव्वदी केव्हाच उलटली असेल. त्याच्या नातवाने त्याला ते चित्रण दाखविले असेल, तर पहिल्या मिनिटाला त्याने नाक मुरडले असेल आणि निकालाच्या वेळी खुर्चीतून उठण्याचा प्रयत्न केला असेल, असे मला वाटते.